तीन आठवडे झाले, तरी पिल्लू घरातच शी-शू करते

परभणीच्या एका वाचक भगिनींचे पत्र आले आहे. त्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहेत. घरी पती, सहावीत शिकणारा मुलगा आणि सासूबाई आहेत. पत्रातील मुख्य मजकूर असा:

‘तीन आठवड्यांपूर्वी मुलाने आमच्या शेतातल्या आखाड्यावरून कुत्र्याचे पिल्लू घरी आणले. तेव्हा ते दोन महिन्यांचे होते. नाव शेरू ठेवले. घरासमोर अंगण आहे, लिंबाचे झाड आहे, तरीही तो अंगणात खेळून आत येतो आणि आत आल्यावर शू करतो. दारातले पायपुसणे, मुलाची गोधडी, बैठकीतली सतरंजी, एवढेच काय, सासूबाईंचे देवघरातले आसनही त्याने भिजवले. त्या पाचला उठतात आणि त्यांनाच देवघराशी ओले सापडते. आम्ही फिनेलने पुसतो, त्यावर सासूबाई गोमूत्र शिंपडतात. यजमानांनी दोनदा त्याचे नाक त्यात घासले, वर्तमानपत्राच्या सुरळीने मारलेही. त्याला चूक कळते, कारण रागावले की तो मान खाली घालतो, पण सुधारत नाही. आता तर दिवाणाखाली जाऊन शी करतो. यजमान दुकानातून आले की त्यांच्या पायाशीच शू करतो. रात्री घाण होऊ नये म्हणून संध्याकाळनंतर पाणी देणे बंद केले आहे. सासूबाई म्हणतात, परत आखाड्यावर सोडा. मुलगा त्या दिवसापासून धड जेवत नाही. काय करावे?’

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमचे पत्र मी दोनदा वाचले आणि दुसऱ्या वेळी पेन्सिल घेऊन शेरूने ओल्या केलेल्या जागांखाली रेघा मारत गेलो. पायपुसणे, गोधडी, सतरंजी, आसन. या चारही वस्तू कापडाच्या आहेत. मोकळ्या फरशीवर त्याने आपणहून शू केल्याचे तुम्ही एकदाही लिहिलेले नाही. आखाड्यावर जो सालगडी राहतो, त्याला एवढेच विचारा की कुत्री कशावर व्याली होती आणि पिल्ले कशावर वाढली. माझा अंदाज आहे की उत्तर ‘पोत्यावर’ किंवा ‘बारदान्यावर’ असे येईल.

पिल्लू साधारण तीन आठवड्यांचे झाले की आपली झोपायची जागा सोडून थोडे पलीकडे जाऊन शी-शू करू लागते, आणि आठ-नऊ आठवड्यांचे होईपर्यंत पायाखाली नेमके काय लागले म्हणजे ती जागा मोकळे होण्याची, हे त्याच्या अंगवळणी पडलेले असते. मातीत वाढलेले पिल्लू माती शोधते आणि पोत्यांवर वाढलेले पिल्लू मऊ, विणलेले काहीतरी शोधते. अंगणात तासभर खेळूनही शेरू आत येऊन शू करतो, त्यात हट्ट नाही. अंगणात त्याला ती ओळखीची जागा सापडत नाही आणि घरात पाऊल टाकताच दारातच पायपुसणे लागते. त्याच्या परीने तो शिकलेले पाळतो आहे.

म्हणून पहिले काम शेरूचे नव्हे, तुमचे आहे. पुढचा महिनाभर घरात खाली अंथरलेले सगळे कापड उचलून ठेवा. पायपुसणे दाराबाहेर दोरीवर टाका, गोधड्या सकाळी घडी करून वर ठेवा, सतरंजी गुंडाळा, आणि देवघराच्या दाराशी एखादी आडवी फळी लावा. त्याच वेळी आखाड्यावरून पिल्ले ज्यावर झोपत-हागत त्याच पोत्याचा तुकडा न धुता आणा. तो हातभर कापून अंगणात लिंबाखाली एका कोपऱ्यात मातीवर पसरा आणि चार दगडांनी दाबून ठेवा. शेरूला तिथे नेले की तो आधी वास घेईल, गोल फिरेल, आणि बहुतेक पहिल्याच दोन-तीन खेपांत तिथे बसेल. चार-पाच दिवस नियमाने तिथेच करू लागला, की पोत्यावर रोज मूठभर माती टाकत जा, आणि एक-दोन दिवसांआड कात्रीने पोत्याची एक कड कमी करत जा. पंधरा-वीस दिवसांत पोते संपते आणि माती उरते.

आता मारण्याविषयी. हे मी जरा विस्ताराने लिहितो, कारण तुमच्या घरातले निम्मे दुखणे इथे आहे आणि कारण ही चूक मी स्वतः केलेली आहे. पुढे आयुष्यभर तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यांत काम केले, पण अंबाजोगाईला पाळलेल्या माझ्या पहिल्या कुत्रीच्या वेळी मला काही कळत नव्हते. घरात ओले दिसले की मी तिला ओढत आणून त्या जागेवर दाबायचो. आठवड्याभरात घर स्वच्छ दिसू लागले आणि मला वाटले, शिकली. पुढे उन्हाळ्यात ज्वारीची कणगी हलवली, तेव्हा तिच्यामागे भिंतीलगत वाळलेल्या शीची रांग होती, आणि अगदी कोपऱ्यात, जिथे तिला अंग चोरून जावे लागत असेल, तिथे तिचे केस भिंतीच्या पोपड्यांना चिकटलेले होते. ती एवढेच शिकली होती की माणसासमोर शी करणे धोक्याचे आहे. तुमचा शेरू दिवाणाखाली जातो, त्याचे कारण हेच आहे.

कुत्र्याच्या मनात शिक्षेचा किंवा शाबासकीचा संबंध त्या क्षणी, फार तर पुढच्या एक-दोन सेकंदांत तो जे करत असतो, त्याच्याशीच जुळतो. पाच मिनिटांपूर्वीच्या शूशी तो जुळत नाही. आणि याचा पुढचा तोटा अधिक वाईट आहे. माणसासमोर करायचे नाही हे मनात बसलेले पिल्लू अंगणात तुमच्यासोबत नेले तरी करत नाही, तसेच धरून ठेवते आणि आत येऊन आडोशाला मोकळे होते. मग आपण म्हणतो की हा मुद्दाम करतो. मान खाली घालणे, कान मागे पाडणे, नजर चोरणे ही चुकीची जाणीव नसून समोरच्याचा राग शांत करण्याची धडपड असते. न्यूयॉर्कच्या संशोधक अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी 2009 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हेच तपासले होते. कुत्र्याने मना केलेला खाऊ खाल्ला आहे की नाही, याचा त्या ‘अपराधी’ चेहऱ्याशी संबंध आढळला नाही, मालक रागावला की नाही याच्याशी आढळला, आणि काहीही न केलेल्या कुत्र्यांना रागावल्यावर तो चेहरा अधिकच दिसला. हा परिच्छेद यजमानांना अवश्य वाचून दाखवा. ते दुष्ट आहेत असे मी मुळीच म्हणत नाही. आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या कुत्रे असेच ‘वळणावर’ आणले गेले आणि त्यांनी पाहिले तेच केले.

मारायचे नाही, तर मग करायचे काय? घड्याळ पाळायचे. पिल्लाला किती वेळ धरता येते याचा एक ठोकळ हिशेब आहे: वय जितके पूर्ण महिने, त्यात एक मिळवा, तितके तास, आणि तेही कमाल. शेरू आता पावणेतीन महिन्यांचा आहे, म्हणजे दिवसा तीन तासांच्या वर त्याच्याकडून अपेक्षा करणे अन्यायाचे ठरेल, आणि खेळत असेल तर तासाभरातही त्याला लागते. झोपेतून उठल्याबरोबर, खाल्ल्यावर पाच ते तीस मिनिटांत, पाणी प्यायल्यावर थोड्या वेळाने आणि दंगा करून थांबल्यावर त्याला बाहेर न्यायचे, हे वेळापत्रक पोटाच्या रचनेनेच ठरवून दिलेले आहे, कारण अन्न पोटात पडले की आतड्यांची हालचाल सुरू होते. खेळता खेळता तो अचानक थांबला, नाक जमिनीला लावून फिरू लागला किंवा दाराआड गेला, तर घड्याळ न पाहता उचला.

पहिले काही दिवस त्याला उचलूनच न्या, कारण चालत नेले तर उंबऱ्यापर्यंत पोहोचण्याआधीच काम होते. रोज त्याच दारातून, त्याच कोपऱ्यात न्या आणि तिथे उभे राहा. बोलू नका, खेळू नका. पाच-सात मिनिटे थांबा. तो बसू लागला की हळू आवाजात ‘शू’ म्हणा. लेकराला म्हणतो तसेच, पण घरातल्या चौघांनी एकच शब्द वापरायचा. त्याचे पूर्ण होताच, दुसऱ्याच क्षणी, उकडलेल्या अंड्याचा नखाएवढा तुकडा तोंडात द्या. घरात येऊन दिलेला खाऊ त्याला ‘घरात आल्याबद्दल’ मिळतो, म्हणून तुकडा आधीच मुठीत हवा. आणि झाल्याबरोबर लगेच आत आणू नका, पाच मिनिटे खेळू द्या. शू केली की मजा संपते असे त्याला एकदा वाटले, की तो मजा लांबवण्यासाठी शू लांबवतो. काहीच केले नाही, तर आत आणून मांडीवर किंवा नजरेसमोर दोरीने जवळ बांधून ठेवा आणि दहा-पंधरा मिनिटांनी पुन्हा न्या. डोळ्यांसमोर घरातच करू लागला, तर ओरडू नका. एक टाळी वाजवा, तो थबकला की उचला आणि कोपऱ्यात नेऊन उरलेले तिथे करू द्या.

रात्री साडेदहाला शेवटची खेप करा, पुढचे दोन आठवडे दीड-दोनच्या सुमारास गजर लावून एक खेप करा, आणि मग पहाटे. पहाटेच्या खेपेसाठी तुमच्या घरात सर्वांत भरवशाचे माणूस सासूबाई आहेत. तुम्हीच लिहिले आहे की त्या पाचला उठतात आणि त्यांनाच देवघराशी ओले सापडते. पिल्लू कोणाच्या तरी हालचालीने जागे होते, आणि जागे झाले की दोन मिनिटांत त्याला लागते. तुमच्या घरी पहिली हालचाल त्यांची असते. त्यांचे सोवळे-ओवळे मोडून त्यांनी पिल्लाला हात लावावा असे मी कधीही सुचवणार नाही. त्यांनी फक्त उठल्याबरोबर नातवाला हाक मारावी आणि मुलाने डोळे चोळत का होईना शेरूला उचलून अंगणात न्यावे. त्यानंतर त्यांनी सडा घालावा. ही विनंती तुम्ही करण्यापेक्षा मुलाला करू द्या. नातवाने ‘आजी, मला उठव’ म्हटले तर त्या नाही म्हणणार नाहीत, असे मला मनापासून वाटते.

दिवसभर सगळे बाहेर असताना शेरूला पूर्ण घर मोकळे देऊ नका. ओसरीचा सावलीतला एक कोपरा पाट किंवा बाज आडवी लावून अडवा. एका बाजूला झोपायची जागा व पाण्याचे भांडे ठेवा, दुसऱ्या टोकाला पसरट घमेल्यात अंगणातलीच माती भरून ठेवा आणि त्यावर त्या पोत्याचा लहानसा तुकडा टाका. यजमान दुपारी जेवायला येतात तेव्हा त्यांनी एकदा अंगणात न्यावे. आठवडाभर तरी सकाळच्या शाळेची सोय किंवा चार दिवसांची रजा जमली तर घ्या. सुरुवातीच्या दिवसांची शिस्त पुढचे कित्येक आठवडे वाचवते.

पाणी बंद करणे मात्र आजपासून थांबवा. परभणीचा पारा चैत्र-वैशाखात 42-43 अंशांवर जातो, आणि कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही, धापा टाकूनच तो शरीर थंड ठेवतो, त्यात पाणी खर्ची पडते. तहानलेले पिल्लू रात्रीत मलूल होऊ शकते. शिवाय रात्रभर तहान मारून ठेवलेले पिल्लू पाणी दिसताच पोट फुगेपर्यंत पिते आणि मग एकदम मोठी शू करते. दुपारी बाहेर नेताना फरशीवर हाताची मागची बाजू पाच सेकंद टेकवून पाहा. तुम्हाला सोसत नसेल तर त्याच्या तळव्यांनाही सोसणार नाही, आणि चटका बसलेले पिल्लू त्या कोपऱ्याला कायमचे घाबरते.

स्वच्छतेत तुम्ही मेहनत पुष्कळ करता, पण साधन चुकते आहे. फिनेलने आपल्या नाकाला वास गेल्यासारखा वाटतो, शेरूच्या नाकाला मात्र खालचा मुत्राचा वास तसाच येत राहतो, आणि फिनेल पायाला लागून तो पाय चाटतो तेही बरे नाही. तुमच्याकडे शहाबादी फरशी असेल, तर दोन फरश्यांमधल्या सांध्यांत मूत्र मुरते आणि वरवर पुसून निघत नाही. अनेक जण व्हिनेगर सुचवतात, पण शहाबादी दगड चुनखडकाचा असतो, आम्लाने त्याचा पृष्ठभाग खरवडला जातो आणि पुढे तो अधिकच मूत्र शोषतो. म्हणून आधी जुन्या फडक्याने सगळे ओले टिपून घ्या, घासू नका. मग साध्या पाण्याने फिनेलचा अंश काढा आणि पाळीव प्राण्यांच्या दुकानात मिळणारे एन्झाइमयुक्त क्लीनर सांध्यांत जिरेल एवढे ओतून बाटलीवर लिहिलेला वेळ तसेच राहू द्या. एन्झाइम मुत्रातले वास धरणारे पदार्थ मोडतात, म्हणून त्यांना वेळ लागतो. टँकरच्या पाण्यावर दिवस काढणाऱ्या आपल्या भागात बादल्या ओतून धुण्यापेक्षा हे पाणी वाचवणारेही आहे.

गोमूत्राचा विषय नाजूक आहे, तरी लिहितो. सासूबाईंच्या भावनेचा मला पूर्ण आदर आहे, पण पिल्लाच्या नाकाला ते एका जनावराचे मूत्रच आहे, आणि जिथे मुत्राचा वास येतो ती जागा त्याच कामाची, असे ते धरून चालते. देवघराच्या शुद्धीसाठी गंगाखेडहून आणलेले गोदेचे पाणी शिंपडले तर त्यांचेही समाधान राहील आणि शेरूचा गोंधळही थांबेल. अंगणातल्या त्याच्या कोपऱ्यात मात्र शू टिपलेल्या फडक्याचा तुकडा मुद्दाम ठेवा.

यजमानांच्या पायाशी होणारी शू हा निराळाच प्रकार आहे आणि तो शिकवणीने सुटत नाही. लहान पिल्लू ज्याला घाबरते किंवा ज्याच्यापुढे फार हरखते, त्याच्यासमोर अंग चोरून, पोट दाखवून शू करते. कुत्र्यांच्या भाषेत ती शरणागती आहे, आणि त्यावर रागावले की ती वाढते. यजमानांनी आल्याबरोबर त्याच्याकडे पाहू नये, वरून वाकून हात लावू नये. चपला काढाव्यात, हात-पाय धुवावेत, पाच मिनिटांनी अंगणात तिरके तोंड करून खाली बसावे आणि शेरूला आपणहून जवळ येऊ द्यावे. मग डोक्यावरून नाही, छातीखालून खाजवावे. काही आठवडे हे नेमाने केले तर बहुतेक पिल्ले यातून बाहेर पडतात.

खाण्याबद्दल तुम्ही काही लिहिले नाही, पण आखाड्यावरचे पिल्लू म्हणजे दूध-भाकरी चालू असणार. आईचे दूध सुटलेल्या अनेक पिल्लांना गाई-म्हशीचे दूध पचत नाही, पातळ होते आणि पातळ झालेले कोणत्याच पिल्लाला धरवत नाही. दूध थांबवून पाहा. दिवसातून तीनदा, ठरलेल्या वेळी, भाकरी किंवा भात, त्यात अंडे वा उकडलेले मांस, किंवा पिल्लांचे तयार खाद्य द्या, आणि पंधरा-वीस मिनिटांत उरलेले उचला. ठरल्या वेळी खाल्ले की ठरल्या वेळी बाहेर येते. कांदा, लसूण, द्राक्षे, मनुका आणि चॉकलेट मात्र चुकूनही देऊ नका.

याच आठवड्यात त्याला एकदा डॉक्टरांना दाखवा. तुमच्या परभणीत तर पशुवैद्यकीय महाविद्यालयच आहे. जंताचे औषध तीन महिन्यांपर्यंत दर पंधरा दिवसांनी आणि पुढे सहा महिन्यांपर्यंत महिन्याला द्यावे लागते. पार्व्हो या कुत्र्यांच्या जीवघेण्या हगवणीच्या आजारावरील लसीचे डोस सहा-आठ आठवड्यांपासून सोळा आठवड्यांपर्यंत तीन-चार आठवड्यांच्या अंतराने चालतात, आणि रेबीजची लस तीन महिने पूर्ण झाल्यावर असते. हे डोस पूर्ण होईपर्यंत शेरूला गल्लीत, नाल्याकाठी शी करायला नेऊ नका, कारण पार्व्होचा विषाणू मातीत महिनोन्‌महिने टिकतो. म्हणून तुमचे कुंपणाचे अंगण ही मोठी सोय आहे. त्या कोपऱ्यातली शी रोज उचलून खोल पुरा. जंतांची अंडी मातीत काही काळ राहिल्यावरच बाधणारी होतात, आणि मुलगा अनवाणी खेळत असणार. शू करताना कुंथणे, थेंब-थेंब होणे किंवा लाल रंग दिसला, तर शिकवणीचा विचार बाजूला ठेवून त्याच दिवशी दवाखाना गाठा.

आखाड्यावर सोडण्याचा निर्णय आत्ता घेऊ नका असे माझे स्पष्ट मत आहे. लस अर्धवट असलेले, माणसांत राहायला लागलेले पावणेतीन महिन्यांचे पिल्लू तिथे एकटे टिकणे अवघड आहे. सासूबाईंकडे सहा आठवड्यांची मुदत मागा. तोवर लसी पूर्ण होत येतील आणि शेरू सव्वाचार महिन्यांचा होईल, त्या वयात धरण्याची ताकद पुष्कळ वाढलेली असते. अधूनमधून एखादी चूक सहा महिन्यांपर्यंत, काहींची त्याहूनही पुढे होते, ती धरून चालायची. मुदतीनंतरही घरात कोणालाच हे झेपत नसेल, तर आखाड्यावर सालगड्याचे कुटुंब कायम राहत असल्याची खात्री करून तिथे ठेवणे यात गैर काही नाही. मुलाला तेव्हा खरे कारण सांगा.

एक काम मुलावर सोपवा. शंभर पानी वहीत रोज चार रकाने करायचे: खाल्ले कधी, पाणी प्यायले कधी, बाहेर केले कधी, आत केले कधी आणि कुठे. आठ दिवसांत शेरूच्या पोटाचे वेळापत्रक तुम्हाला त्या पानांवर दिसू लागेल, आणि आतला रकाना कोणत्या वेळी भरतो आहे ते पाहून त्याच्या पंधरा मिनिटे आधीची खेप वाढवता येईल. महिन्याने पुन्हा पत्र लिहाल तेव्हा त्या वहीची शेवटची दोन पाने उतरवून पाठवा. ती पाहून पुढचे सांगेन. आणि आज रात्री झोपण्यापूर्वी शेरूच्या भांड्यात पाणी भरून ठेवा.